एकोणपन्नासच्या पुढची बाई

नवी मुंबई महापालिकेच्या तुर्भे आणि बेलापूर इथल्या रुग्णालयांचं नाव ‘माता बाल रुग्णालय’. बाई गरोदर असते, बाळंत होते, बाळाला डोस पाजायला आणते, दुसऱ्याच्या वेळी पुन्हा येते. तोवर पाटीवरचा पहिला शब्द तिचा असतो. पंचावन्न वर्षांची बाई गेली तर तिला कुणी हाकलत नाही, केसपेपर तिचाही निघतो; पण पाटीत ती नाही. एका पाटीवरून एवढं काढणं म्हणजे कीस पाडणं झालं, हे मान्य. मात्र ही पाटी एकटी नाही. राज्य सरकारनं सप्टेंबर २०२२ मध्ये, ऐन नवरात्रात, अठरा वर्षांवरच्या सगळ्या बायकांच्या तपासणीची मोहीम काढली, तिचं नाव ‘माता सुरक्षित तर घर सुरक्षित’. केंद्र सरकारनं सप्टेंबर २०२५ मध्ये काढली, तिचं ‘स्वस्थ नारी, सशक्त परिवार’. बोलावणं गेलं ते आईला आणि घर सांभाळणारीला. पाळी गेली, मुलं हाताशी आली किंवा दूर गेली, आणि आता फक्त स्वतःची उरली अशी जी बाई, तिला कुठल्या नावानं हाक मारायची ते अजून ठरलेलं नाही.

तिच्या तब्येतीचा प्रश्न इथं वादाच्या जुन्या रीतीनं मांडला आहे. आधी पूर्वपक्ष, तोही जमेल तेवढा भक्कम, आणि मग उत्तरपक्ष. पूर्वपक्ष इथं खुळचट नाही. पाळी गेलेल्या बाईला उगाच पेशंट करू नका, असं म्हणणारी ती वाचलेली, विचार केलेली बाजू आहे. उत्तरपक्ष माझा.

पूर्वपक्ष : पाळी येणं हा आजार नव्हे, तसं जाणंही नव्हे. सुश्रुतानं बाराव्या वर्षाच्या सुमारास सुरू आणि पन्नाशीला बंद असं सरळ लिहून ठेवलं. आपल्याकडची बाई ‘पाळी गेली’ हे कुठल्या सुरात सांगते ते ऐका. ‘सुटले एकदाची’ हा तो सूर असतो. बाजूला बसणं नाही, सणावाराची तारीख बघून गोळ्या घेणं नाही, देवघराची आडकाठी नाही. मार्शा फ्लिंट या अमेरिकी मानववंशशास्त्रज्ञ बाईंनी राजस्थान आणि हिमाचलातल्या राजपूत बायकांचा अभ्यास करून १९७५ मध्ये लिहिलं की पाळी जाण्याबद्दल या बायकांच्या तक्रारी जवळजवळ नाहीत, कारण पाळी गेली की त्यांचा पडदा सुटतो आणि मान वाढतो. त्यांच्या देशातल्या बायकांना जी शिक्षा वाटते ते इथं बक्षीस ठरतं. त्या बक्षिसावर आता तुम्ही औषधाची चिठ्ठी चिकटवणार. वाशी-नेरूळच्या मेडिकलच्या काउंटरवर बघा, ‘चाळिशीनंतरच्या स्त्रीसाठी’ म्हणून पावडरींचे डबे रचलेले असतात. पॅथॉलॉजी लॅबच्या पत्रकात एका पॅकेजात साठ-सत्तर चाचण्या. तुमची काळजी खरी असेलही, पण ती शेवटी त्या डब्यांच्याच कामी येते.

उत्तरपक्ष : यातलं डब्यांबद्दलचं सगळं मला मान्य आहे, आणि ‘सुटले’ हा सूरही मी खोटा म्हणणार नाही. माझं भांडण एका गल्लतीशी आहे. पाळी जाणं ही घटना वर्ष-दोन वर्षांची, फार तर चार-पाच वर्षांची. पाळी गेल्यानंतरचा काळ तेवढा नाही. भारतातल्या बाईची पाळी सरासरी सेहेचाळीस-सत्तेचाळिसाव्या वर्षी थांबते, म्हणजे युरोप-अमेरिकेतल्या बाईपेक्षा चार-पाच वर्षं आधी. महाराष्ट्रात बाईचं सरासरी आयुष्य सत्तरीच्या पलीकडे गेलं आहे. सत्तरीतून सेहेचाळीस वजा केले की उरतो तो आयुष्याचा तिसरा हिस्सा. फ्लिंटबाईंनी विचारलं तक्रारींबद्दल आणि मानाबद्दल, आणि त्याचं त्यांना प्रामाणिक उत्तर मिळालं. पण मान वाढल्याचं हाडाला कळत नाही. हाड ही बांधून संपलेली वस्तू नसते. काही पेशी ते रोज पोखरतात, काही रोज भरून काढतात, आणि पोखरणाऱ्यांना वेसण घालायचं काम इस्ट्रोजेन करत असतं. पाळी गेली की ती वेसण सुटते. पुढच्या पाच-सात वर्षांत हाडाची घनता पाचव्या हिश्श्यापर्यंत खाली येऊ शकते आणि यातलं काहीही दुखत नाही. दुखतं ते मोडल्यावर. क्रमही बहुधा ठरलेला असतो. पन्नाशी-साठीत मनगट, मग पाठीचे मणके, सत्तरीत खुबा. हे शहर वसवणाऱ्या सिडकोनं वाशी, नेरूळ, कोपरखैरण्यात बांधलेल्या चार मजल्यांच्या, लिफ्ट नसलेल्या इमारती डोळ्यांसमोर आणा. एका हातात भाजीची पिशवी, दुसऱ्या हातात किल्ल्यांचा जुडगा, कठड्याला हात नाही, आणि पावसाळ्यात जिन्याच्या वळणावरची ओली फरशी. तोल जातो तेव्हा माणूस आधी हात पुढे टेकतो. त्या मनगटाला प्लास्टर घालून बाईला घरी पाठवतात. हाड एवढ्यातेवढ्यानं मोडलं कसं, हा प्रश्न बहुतेक वेळा प्लास्टरच्या आतच राहतो. रक्तवाहिन्यांचंही तसंच. पाळी असेपर्यंत बाईला हृदयविकारापासून जे थोडं संरक्षण असतं ते नंतर ओसरत जातं, वाईट कोलेस्टेरॉल वाढतं, रक्तदाब चढतो. आणि छातीत कळ येण्याऐवजी नुसता दम लागला, मळमळलं, जबडा किंवा पाठ भरून आली, तर घरातले आणि कधी डॉक्टरही ते पित्तावर ढकलतात.

पूर्वपक्ष : आमच्या आज्यांनी यातलं काही केलं नव्हतं.

उत्तरपक्ष : आणि त्यांच्या पाठीला पोक आलं होतं. जुन्या फोटोंत, जुन्या नाटकांत म्हातारी दाखवायची म्हणजे ती वाकलेलीच दाखवतात. ते वाकणं पुष्कळदा मणके एकेक करून दबल्याचं असतं. आपण त्याला ‘वय झालं’ एवढंच नाव दिलं. शिवाय ज्या आज्या आपल्याला आठवतात त्या जगलेल्या. ज्या पन्नाशीच्या आधीच बाळंतपणात, क्षयात, तापात गेल्या त्यांच्या हाडांचं काय झालं असतं हे विचारायला त्या उरल्याच नाहीत. तरी तुमच्या म्हणण्यात तथ्याचा एक कण आहे, आणि तो याच शहरात सापडतो. दिवाळे, सारसोळे, करावे, घणसोली या गावांतली आगरी-कोळी बाई भाताच्या खाचरात वाकायची, मिठागरात राबायची, डोक्यावर म्हावऱ्याची पाटी घेऊन चालत जायची. हाडावर भार पडला की हाड धरतं, उन्हातून ड जीवनसत्त्व मिळतं, आणि काट्या-कवचासकट खाल्लेली सुकट, जवळा म्हणजे कॅल्शियमच. १९७० मध्ये सिडको आली, जमिनी संपादित झाल्या, खाचरं आणि मिठागरं सेक्टरांखाली गेली. जमिनीच्या मोबदल्याचा आणि परत द्यायच्या साडेबारा टक्के भूखंडांचा हिशेब मांडला गेला, अजूनही चालू आहे. जमिनीबरोबर अंगमेहनत आणि ऊनही गेलं, त्याचा हिशेब कुणी मांडणार नव्हतंच. त्या कष्टांचे गोडवे गाण्यात अर्थ नाही, त्या कष्टांनी गुडघेही घेतले. पण आज्यांचं आयुष्य काढून घ्यायचं आणि आज्यांचंच उदाहरण द्यायचं, हे बरं नव्हे. राहता राहिला आहार. राष्ट्रीय पोषण संस्थेनं २०२० मध्ये पाळी गेलेल्या बाईसाठी दिवसाला १,२०० मिलिग्रॅम कॅल्शियम सांगितलं. शंभर ग्रॅम नाचणीत साधारण साडेतीनशे मिलिग्रॅम असतं. नाचणीची भाकरी जरूर खावी. तेवढ्यानं भागत नाही हेही सांगावं.

पूर्वपक्ष : पुढे गोळ्या येतील, गोळ्यांमागून हार्मोन येतील. अमेरिकेत हे सगळं होऊन गेलं. ‘कायम तरुण राहा’ म्हणून लाखो बायकांना हार्मोन दिले, आणि २००२ च्या जुलैत त्यांचीच मोठी चाचणी मध्येच थांबवून जाहीर करावं लागलं की स्तनाचा कर्करोग वाढतो, पक्षाघात वाढतो, रक्ताच्या गुठळ्या वाढतात. सोळा हजारांवर बायका त्या चाचणीत होत्या. याला तुम्ही पुरावा मानणार की नाही?

उत्तरपक्ष : मानतो, आणि पूर्ण वाचावा असंही म्हणतो. त्या वर्षी वर्तमानपत्रांत आलेला आकडा होता ‘कर्करोगात २६ टक्के वाढ’. तोच निष्कर्ष दुसऱ्या शब्दांत असा : दहा हजार बायकांनी वर्षभर ते औषध घेतलं तर एरवीपेक्षा आठ जणींना जास्त कर्करोग होतो. खुब्याची मोडणी त्याच हिशेबात पाच जणींना कमी झाली. शिवाय चाचणीतल्या बायकांचं सरासरी वय होतं त्रेसष्ट, म्हणजे पाळी जाऊन दहा-बारा वर्षं उलटल्यावर त्यांना औषध सुरू केलेलं. सत्तेचाळिसाव्या वर्षी रात्रीतून तीनदा घामानं निथळून उठणाऱ्या बाईबद्दल त्यातून थेट निष्कर्ष निघत नाही. पुढच्या वीस वर्षांत तज्ज्ञांचं मत बरंच सावरलं आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनानं वेष्टनावरचे बरेचसे ठळक इशारे काढत असल्याचं जाहीर केलं. म्हणून काय, सगळ्यांना हार्मोन द्यायचे? मुळीच नाही. ज्या बाईला त्रास असह्य आहे, पाळी जाऊन फार वर्षं झालेली नाहीत, कर्करोगाचा किंवा गुठळीचा इतिहास नाही, तिनं डॉक्टरांशी बसून ठरवावं. बाकीच्यांसाठी हा विषयच नाही. पाळी जाण्याचा वाद नेहमी हार्मोनपाशीच येऊन का अडकतो, याचं मला नवल वाटतं. जणू बाईचं पुढचं सगळं आयुष्य म्हणजे गेलेली पाळी परत आणायची की नाही, एवढाच प्रश्न.

पूर्वपक्ष : मग हार्मोन नकोत, डबे नकोत, पॅकेज नको. तुम्हाला हवंय तरी काय?

उत्तरपक्ष : दोन वर्षांतून एकदा दाराशी येणारी, प्रशिक्षण घेतलेली बाई. एवढंच. हे हवेत सोडलेलं वाक्य नाही, खाडीच्या पलीकडे वीस वर्षं करून पाहिलेलं काम आहे. टाटा मेमोरिअल रुग्णालयानं १९९८ मध्ये मुंबईच्या वस्त्यांमधल्या ३५ ते ६४ वयाच्या १,५१,५३८ बायकांची नोंद केली आणि वस्त्यांचे दोन गट केले. एका गटातल्या बायकांकडे दर दोन वर्षांनी आरोग्यसेविका जायच्या, असं चार वेळा. या सेविका डॉक्टर नव्हत्या, नर्सही नव्हत्या. शाळा शिकलेल्या, काही आठवड्यांचं प्रशिक्षण दिलेल्या बायका. त्यांचं यंत्र म्हणजे तीन बोटांची पेरं. छोट्या वर्तुळांत स्तनावरून फिरवायची, आधी वरवर, मग थोडं दाबून, मग आणखी दाबून, आणि तशीच काखेपर्यंत न्यायची. काही मिनिटांचं काम. ना क्ष-किरण, ना वीज. मग पुढची अनेक वर्षं दोन्ही गटांवर लक्ष ठेवलं. डॉ. इंद्रनील मित्रा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२१ मध्ये निकाल प्रसिद्ध केला. तपासणीच्या गटात तिसऱ्या-चौथ्या टप्प्यावर सापडलेले कर्करोग ३७ टक्के, दुसऱ्या गटात ४७. सगळ्या वयांच्या बायका एकत्र धरल्या तर स्तनाच्या कर्करोगाचे मृत्यू १५ टक्क्यांनी कमी दिसले, पण हा फरक सांख्यिकीच्या कसोटीला पुरा उतरला नाही. पन्नाशीच्या आतल्या बायकांत फरक नगण्य. पन्नास आणि त्यापुढच्या बायकांत मात्र मृत्यू जवळजवळ ३० टक्क्यांनी घटले. म्हणजे ज्या वयाला आपण ‘आता काय राहिलंय’ म्हणतो, नेमक्या त्याच वयात तीन बोटांनी जीव वाचले. टाटा मेमोरिअलचंच संशोधन केंद्र, अॅक्ट्रेक, खारघरला आहे. नेरूळहून रेल्वेनं तीन स्थानकं.

पूर्वपक्ष : थांबा. वयाचे गट निकाल हाती आल्यावर पाडले होते. असे गट पाडत बसलं की कुठे ना कुठे मनासारखा आकडा सापडतोच. दुसरं, निम्म्या बायकांची तपासणीच न करता त्यांच्यावर वर्षानुवर्षं लक्ष ठेवलं, याबद्दल या प्रयोगावर टीका झाली आहे, ती तुम्ही गिळलीत.

उत्तरपक्ष : दुसरा मुद्दा तुमचा. ती टीका झाली आणि तिच्यात दम आहे; तपासणी न झालेल्या गटातल्या ज्या बायका गेल्या त्यांचं ऋण या आकड्यावर आहे. म्हणूनच तो आकडा कपाटात ठेवणं मला जास्त वाईट दिसतं. पहिला मुद्दाही शास्त्राला धरून आहे. गट नंतर पाडले, आणि तेवढ्याच्या जोरावर कुणी कायदा करू नये. पण हा निष्कर्ष शरीराच्या ज्ञानाशी जुळतो. तरुण बाईचं स्तन घट्ट, गाठीगाठींचं असतं, त्यात लहानशी गाठ बोटाला लागत नाही. पाळी गेल्यावर ते मऊ पडतं, त्यात चरबी वाढते आणि वेगळी गाठ बोटाखाली येते. शिवाय रोग लवकरच्या टप्प्यावर सापडण्याचा निष्कर्ष गट पाडून काढलेला नाही, तो सगळ्या वयांचा आहे. यंत्र लागत नाही, किरण नाहीत, खर्च सेविकेच्या पगाराचा. आणि ज्यांना फायदा दिसला त्यांना आज काहीच मिळत नाही. अशा जागी आणखी वीस वर्षं थांबायचं की दोन वर्षांतून एकदा बोटं फिरवायची? मी बोटं निवडतो.

पूर्वपक्ष : ‘काहीच मिळत नाही’ हे खरं नाही. २०१६ पासून केंद्राचा कार्यक्रम आहे. ३० ते ६५ वयाच्या बायकांची स्तन, गर्भाशयमुख आणि तोंडाच्या कर्करोगासाठी पाच वर्षांतून एकदा तपासणी, तिशीनंतर दरवर्षी रक्तदाब आणि साखर.

उत्तरपक्ष : कागदावर आहे, आणि कागद चांगला आहे. मुंबईत दोन वर्षांनी केलं ते तिथं पाच वर्षांवर गेलं, हा एक भाग. दुसरा अधिक महत्त्वाचा. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत, २०१९ ते २१ मध्ये, गर्भाशयमुखाची तपासणी कधीतरी झालेल्या बायका देशात १.९ टक्के निघाल्या आणि स्तनाची झालेल्या ०.९ टक्के. पण कोणत्या बायकांतल्या? ३० ते ४९ वयाच्या. या सर्वेक्षणात बाईची मुलाखत होते ती १५ ते ४९ या वयात. रक्तदाब आणि साखर घरातल्या मोठ्यांचीही मोजतात, पण बाईला बाई म्हणून जे प्रश्न विचारतात ते एकोणपन्नासला थांबतात, कारण सर्वेक्षणाचा मूळ हेतू जननक्षम वय मोजण्याचा. जिथं मुंबईच्या प्रयोगाला फायदा दिसला, तिथं प्रश्नच संपतात. हे सर्वेक्षण जिथून चालतं ती लोकसंख्या विज्ञान संस्था देवनारला आहे. वाशीचा खाडीपूल ओलांडून मानखुर्द मागे टाकलं की आलीच. पहिली फेरी १९९२-९३ ची. नवी मुंबई महापालिका १ जानेवारी १९९२ ची आणि मानखुर्दहून लोकल वाशीला यायला लागली तीही त्याच वर्षी. त्या लोकलनं जी बाई पंचविशी-तिशीत वाशीला, पुढे नेरूळला राहायला आली, ती सर्वेक्षणाच्या फेऱ्यांमधून आपल्या वयानुसार पुढे सरकत सरकत आता चौकटीच्या बाहेर पडली. साठीच्या आसपास असेल ती. त्याच देवनारच्या संस्थेनं २०१७-१८ मध्ये ४५ च्या पुढच्या बहात्तर हजारांवर माणसांचा वेगळा अभ्यास सुरू केला, हे सांगितलं नाही तर अन्याय होईल. पण जिल्ह्याजिल्ह्याची तुलना करून अधिकाऱ्याला जाब विचारला जातो तो कुटुंब सर्वेक्षणाच्या आकड्यांवर. उपकरणंसुद्धा तरुण शरीर धरूनच निवडली आहेत. गर्भाशयमुखाला सौम्य अॅसिटिक आम्ल लावून डोळ्यांनी बघायची पद्धत स्वस्त आणि चांगली, पण पाळी गेल्यावर बघायचा तो भाग आत सरकतो आणि पद्धत भरवशाची राहत नाही. जागतिक आरोग्य संघटनाही हे सांगते. त्या वयाला एचपीव्ही विषाणूची चाचणी लागते. तीही आपल्याकडे करून पाहिलेली आहे, तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात, बार्शीच्या कर्करोग रुग्णालयाच्या मदतीनं. एकदाच केलेल्या चाचणीनं गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचे मृत्यू निम्म्यावर आले, असं २००९ मध्ये प्रसिद्ध झालं.

पूर्वपक्ष : पैसा आणि माणसं मोजकी आहेत. बाळंतपणात बाई मरू नये हे आधी की साठीच्या बाईचं कोलेस्टेरॉल आधी?

उत्तरपक्ष : बाळंतपण आधी, यात वाद नाही. पण त्या कामाचं फळ काय मिळालं तेही बघा. २०१८-२० च्या आकड्यांनुसार महाराष्ट्रात एक लाख जिवंत जन्मांमागे ३३ मातामृत्यू होते, देशातल्या सर्वांत कमी आकड्यांपैकी एक. हे झालं कारण प्रत्येक गरोदर बाईची नोंद झाली, ती गाठली गेली, मृत्यू झाला तर का झाला याची चौकशी बसली. मोजण्याची ती सवय एकोणपन्नासच्या पुढे न्यायला नवं खातं लागत नाही. आणि बाईकडे फक्त गर्भाशयाच्या खिडकीतून बघण्याची किंमत केवळ म्हाताऱ्या बायका मोजतात असंही नाही. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांचं प्रकरण आठवा. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीपुढे २०१९ मध्ये आलेला हिशेब असा : पाहणी केलेल्या ८२,३०९ बायकांपैकी १३,८६१ जणींची पिशवी काढलेली. अंगावरून पांढरं जातं, कंबर दुखते, पाळीत खाडा झाला की मुकादम पैसे कापतो, आणि वर डॉक्टर सांगतो, मुलं झालीत ना, मग पिशवीचं काय काम? या शेवटच्या वाक्यात सगळं आलं. पिशवीबरोबर बीजकोशही काढले तर तिशी-पस्तिशीतच एका दिवसात पाळी जाते. ते ठेवले तरी बऱ्याच जणींची वेळेआधी जाते. हाडांची ती पाच-सात वर्षं मग पन्नाशीत न येता ऐन कामाच्या वयात येतात, डोक्यावर उसाची मोळी असताना. जो विचार पिशवी काढायला सांगतो तोच पुढे त्या बाईची फाइल बंद करतो. मुलं झाली, पिशवीचं काम संपलं, बाईचंही संपलं.

पूर्वपक्ष : समजा सगळं केलंत. बायका येणार नाहीत. लाज आहे, आणि अंगावर काढायची सवय आहे.

उत्तरपक्ष : मुंबईच्या त्या प्रयोगात स्तनाबरोबर गर्भाशयमुखाचीही तपासणी होती, आणि ती करून घ्यायला ८९ टक्के बायका तयार झाल्या. वस्तीतल्या, कामावर जाणाऱ्या, लाजणाऱ्या बायका. सेविका वस्तीत आली, बाईच होती, पुन्हा येणार होती, म्हणून झाल्या. लाज असते, पण ‘बायका लाजतात’ हे वाक्य बहुतेक वेळा आपण न गेल्याची सबब असतं. अंगावर काढण्याबद्दल मात्र तुम्ही म्हणता ते खरं, आणि त्यातली एक गोष्ट फार धोक्याची आहे. पाळी जाऊन वर्ष झालं, आणि मग एक दिवस डाग दिसला. ‘पुन्हा आली वाटतं’ म्हणून बाई गप्प राहते. पाळी अशी पुन्हा येत नसते. अशा दहा जणींत साधारण एकीला गर्भाशयाच्या अस्तराचा कर्करोग निघतो, आणि तो वेळेवर सापडला तर बरा होणाऱ्यांपैकी आहे. उरलेल्या नऊ जणींना घाबरायचं कारण नसतं, पण ते तपासल्यावरच कळतं. दुसऱ्या टोकाला साध्या गोष्टी. खोकताना, हसताना लघवी सुटणं, वारंवार जळजळ, अंग खाली आल्यासारखं वाटणं. यातल्या कित्येकींवर ओटीपोटाखालच्या स्नायूंचे व्यायाम आणि जागच्या जागी लावायचं मलम एवढाच उपाय असतो. तो न कळल्यामुळे बाई लग्नाला जायचं टाळते, एसटीचा प्रवास टाळते, पाणी कमी पिते आणि जळजळ आणखी वाढवून घेते.

पूर्वपक्ष : हे सगळं विचारणार कोण, आणि कुठे?

उत्तरपक्ष : प्रश्न छापून तयार आहे. आशा कार्यकर्ती तिशीवरच्या प्रत्येक माणसाचा जो फॉर्म भरते, त्यात बायकांसाठी वेगळ्या ओळी आहेत. स्तनात गाठ आहे का, आणि त्यातच, पाळी गेल्यानंतर रक्तस्राव होतो का. हो किंवा नाही. आता तो कसा विचारला जातो ते बघा. सेफ्टी डोअर अर्धं उघडं, आत हॉलमध्ये टीव्ही चालू, सोफ्यावर मुलगा किंवा जावई, कुकरची तिसरी शिट्टी होत आलेली, आशेला अजून दोन मजले चढायचे. बाई म्हणते ‘नाही’. ‘नाही’वर खूण होते. फॉर्म खोटं बोलत नाही, पण दारात उभं राहून दुसरं उत्तर मिळणारच नव्हतं. महापालिकेची ज्येष्ठांसाठी विरंगुळा केंद्रं आहेत, तिथं वर्तमानपत्रं आणि कॅरम बोर्ड आहेत. महिन्यातून एक दुपार ती फक्त बायकांना द्यावी, एक पडदा, एक टेबल, रक्तदाबाचं यंत्र आणि तपासायला शिकलेली एक सेविका. फॉर्म तिथं भरावा. जिला जिना उतरवत नाही तिच्याकडे वर जावं, पण दुपारी, घर रिकामं असताना.

पूर्वपक्ष : आणि ती आशा? दहा-बारा वर्षांपूर्वी पस्तिशीत कामाला लागलेली आशा आज सेहेचाळीस-सत्तेचाळीसची आहे. चार-चार मजले ती चढते, मानधन थकलं की मोर्चाला जाते. तिला रात्री घाम फुटतो का, हे कुणी विचारलं?

उत्तरपक्ष : नाही. हा मुद्दा माझ्या यादीत नव्हता; तो पहिला असायला हवा होता. म्हणजे विरंगुळा केंद्रातली पहिली दुपार आशांचीच. एकीनं दुसरीचा फॉर्म भरायचा, दार लावून, आणि त्या ओळीपाशी आल्यावर ‘हो की नाही’ असं न विचारता जरा थांबायचं.